खांबेट्यांच्या मुलीचं न झालेलं लग्न

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळात गुरुदत्त खांबेट्यांना खोटं बोलताना कुणी कधी पकडलं नव्हतं. ते खोटं बोलतच नसत; खरं तेवढं नीटनेटकं करून सांगत. त्यांची एकुलती एक मुलगी अनया नेवार्कला नील नावाच्या मुलाबरोबर तीन वर्षं एका घरात राहत होती. गुरुदत्त चारचौघांत सांगायचे, "नेवार्कला भाडी काय भयंकर झालीत! तिघं मिळून राहतात बिचारी." तिसरं मांजर होतं.

तिच्या नोकरीचंही त्यांनी असंच केलं होतं. अनया पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसात वकील होती. म्हणजे ज्याला पोलिसांनी पकडलंय आणि ज्याच्याकडे वकिलाला द्यायला दमडी नाही, त्याच्या बाजूनं कोर्टात उभं राहायचं आणि पगार सरकारनं द्यायचा. सरकारचा पगार घ्यायचा आणि सरकारशीच भांडायचं, हा व्यवहार गुरुदत्तांच्या पचनी कधी पडला नाही. ते स्वतः जन्मभर राज्याच्या रस्ते खात्यात पुलांची तपासणी करून पेन्शनीत निघाले होते आणि त्या सगळ्या काळात सरकारला उलटून एक शब्द बोलले नव्हते. मंडळात ते मुलीला 'सरकारी वकील' म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, ही चोरांना आत टाकते. ती त्यांना बाहेर काढते, हे सांगायची वेळ गुरुदत्तांनी कधी येऊ दिली नाही.

वकिलीचं शिक्षण तिनं कर्ज काढून केलं, तेही बापाच्याच कृपेनं. "डॉक्टर होणार असशील तर माझं चेकबुक उघडं आहे, वकील व्हायचं तर तुझं तू बघ," असं ते तेव्हा म्हणाले होते. तिनं तिचं बघितलं. कर्जाचा आकडा असा होता की तेवढ्यात ओहायोत एक बऱ्यापैकी घर आलं असतं, मागे अंगण आणि पुढे गराज.

या कर्जावर उतारा म्हणून सरकारची एक योजना होती. दहा वर्षं लोकसेवेची नोकरी करा, पगाराच्या मानानं दरमहा हप्ता भरा, मग उरलेलं कर्ज माफ. हप्ताही जड जातो म्हणून अनयाचं कॉलेज अशा माजी विद्यार्थ्यांचा हप्ता स्वतः भरायचं. ऐकायला किती छान! फक्त बारीक अक्षरांत एक गंमत होती. लग्न केलं की नवऱ्याचा पगार बायकोच्या पगारात मिळवायचा. नील सॉफ्टवेअर कंपनीत बरं कमवत होता, त्यामुळे बेरीज केली की कॉलेजच्या लेखी अनया श्रीमंत होत होती आणि मदत बंद पडत होती. नीलच्या डोक्यावर त्याच्या एमबीएचं कर्ज होतं, पण कॉलेजला पगार दिसायचा, कर्ज दिसत नसे. थोडक्यात, गरिबांची सेवा करणाऱ्या पोरीनं दहा वर्षं स्वतः गरीब राहावं, एकटं राहावं आणि जमल्यास आजारी पडू नये, एवढीच समाजाची माफक अपेक्षा होती. अनयाची आठ वर्षं झाली होती.

आणि नेमकं तेव्हाच तिच्या वडिलांना लग्नाची घाई सुटली.

"लग्न केलं तर हेल्प बंद," अनयानं रविवारी जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं. "मग मला हप्ता झेपणार नाही. मग मोठ्या फर्ममध्ये जॉब घ्यावा लागेल. आणि हा जॉब सोडला की माफी पण गेली. आठ वर्षं, गॉन! दोन वर्षं थांबा ना बाबा, प्लीज."

"म्हणजे या देशात लग्न करणं हा गुन्हा आहे?"

"गुन्ह्याला मी वकील देऊ शकते. लग्नाला नाही."

तिची आई, रेखा, हसली. गुरुदत्तांना हसू आलं नाही. नीलचे आईवडील ओहायोतल्या डब्लिनहून दर पंधरवड्याला फोन करून "मग, कधी?" विचारत होते. मंडळात लोक भाड्याची चौकशी जरा जास्तच आपुलकीनं करू लागले होते. एक मांजर ते किती दिवस पुरणार?

शेवटी गुरुदत्तांमधला इंजिनिअर कामाला आला. "लग्न म्हणजे काय? सप्तपदी! टाउन हॉलचं ते लग्नाचं लायसन्स कशाला? लायसन्स कुत्र्याला काढतात. आपण धर्मानं लग्न लावू आणि सरकारला कळवायचंच नाही. दोन वर्षांनी कर्ज माफ झालं की टाउन हॉलमध्ये जाऊन सह्या करा. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

अनयानं वकिलाच्या डोक्यानं विचार केला. लायसन्स नाही तर न्यू जर्सीच्या कायद्यानं लग्न नाही. मग यात कुणाची फसवणूकही नाही. "ओके," ती म्हणाली. "पण मग ती पार्टी आहे, लग्न नाही. कॉलेजनं विचारलं तर मी नॉट मॅरीड असंच लिहिणार आणि ते खरंच असणार. तुम्ही कुठेही लेखी काही टाकायचं नाही. प्रॉमिस?"

"मी कशाला काय टाकतोय!" गुरुदत्त म्हणाले.

पहिली ठेच गुरुजींपाशी लागली. देवळातले गुरुजी म्हणाले, "आधी लायसन्स दाखवा, मग अंतरपाट." गेली कित्येक वर्षं ते स्वतः त्या कागदावर सही करून टाउन हॉलला पाठवत होते, त्याशिवाय लग्न लावलं तर त्यांच्यावर शेकणार होतं. गुरुदत्तांनी धर्माचा विषय काढून पाहिला. गुरुजींनी दंडाचा काढला. मग कुणीतरी सुशांतचं नाव सुचवलं. सुशांत नागपूरचा, व्हिसावर आलेला, आठवडाभर एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि शनिवार-रविवारी हौसेनं सत्यनारायण सांगायचा. त्यानं लायसन्सचा विषयच काढला नाही. व्हिसावर नोकरीबाहेर कमाई चालत नसल्यानं त्याला दक्षिणा घेता येत नव्हती, म्हणून तो फक्त म्हणाला, "काका, माझं ते जाऊ द्या, पण बायकोचा बर्थडे आहे पुढच्या वीकमध्ये." त्याच्या बायकोचा वाढदिवस वर्षातून बऱ्याच वेळा येत असे.

झाकल्या मुठीच्या लग्नाला चारशे माणसं होती. घोडं होतं, ढोल होते, केळीच्या पानाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या ताटांत मसालेभात होता. मंडळाच्या सेक्रेटरी शैलाताई, ज्यांचं ओक ट्री रोडवर टॅक्स आणि इन्शुरन्सचं ऑफिस आहे, त्यांनी स्वतः दारात उभं राहून अक्षता वाटल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा अनया आणि नील एकमेकांकडे बघून इतके मोकळेपणानं हसले की रेखाचे डोळे भरून आले. गुरुदत्तांचेही आले, पण ते लगेच पुसून हॉलच्या मॅनेजरशी आइस्क्रीमवरून भांडायला गेले. साठवलेलं बहुतेक सगळं त्या एका संध्याकाळी गेलं. रेखा आधी एकदा म्हणाली होती, "एवढ्यात पोरीचं निम्मं कर्ज फिटलं असतं." त्यावर गुरुदत्त म्हणाले होते, "लग्न काय पुन्हा पुन्हा होतं?" हे तर अजून एकदाही झालं नव्हतं.

आता इथे एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. पण गुरुदत्तांच्या घरी अनयाच्या कॉलेजचं गुळगुळीत मासिक यायचं. त्याच्या मागच्या पानांवर माजी विद्यार्थ्यांची लग्नं छापत, फोटोसकट. आठ वर्षं ते ही पानं वाचत होते. अमक्याची मुलगी, तमक्याचा मुलगा. सगळी गोरी गोरी माणसं द्राक्षाच्या मळ्यात उभी राहून हसताहेत. आपल्या मुलीनं तिथं का नसावं? एका दुपारी, रेखा देवळात गेलेली असताना, त्यांनी फोटो निवडला आणि इंग्रजीत झोकदार मजकूर लिहिला: न्यायासाठी झगडणाऱ्या अनया खांबेटे यांचा एका नामांकित कंपनीचे वरिष्ठ संचालक नील यांच्याशी वैदिक पद्धतीने थाटात विवाह संपन्न. नील वरिष्ठ संचालक नव्हता. पण आज ना उद्या होईलच, या हिशेबानं गुरुदत्तांनी ते नीटनेटकं केलं होतं. मासिक वाचतंय कोण, असं म्हणून त्यांनी ते पाठवून दिलं.

मासिक कॉलेजच्या कर्जमदत कचेरीत वाचत होते. तिथून अनयाला जे पत्र आलं त्याचं पहिलं वाक्य होतं: लग्नाबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! दुसऱ्या वाक्यात मदत थांबवली होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. अनया त्या रात्री आईवडिलांकडे आली ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. ती टेबलाशी बसली आणि क्लायंटला सांगावं तसं सगळं शांतपणे सांगितलं. तिनं कॉलेजला खरं ते कळवलं होतं. त्यांचं म्हणणं, तुमच्या वडिलांनी तर विवाह संपन्न असं लिहिलंय. तेव्हा ज्यानं मजकूर लिहिला त्यानं नोटरीसमोर शपथेवर लिहून द्यावं की लग्न झालेलं नाही. मुदत पुढच्या शुक्रवारी पाचपर्यंत. नाहीतर मदत कायमची बंद.

"मॅनहॅटनच्या एका फर्मची ऑफर आहे," ती म्हणाली. "मोठ्या कंपन्यांनी छोट्यांना गिळायचं, त्याचे पेपर्स बनवायचे. मला नको होती. पण आता मी त्यांना होल्डवर ठेवलंय."

"हप्ता मी भरतो," गुरुदत्त म्हणाले.

"कशातून?" रेखानं विचारलं. "घोडं परत देणार का? अहो, लोकांना तुरुंगातून सोडवते ही पोरगी, तिला अडकवायला बाप पुरला."

गुरुदत्तांना राग आला, आणि ज्याची चूक असते त्याला येतो तसा तो भलताच मोठा आला. चारशे माणसांना जेवू घातलं आणि आता लिहून द्यायचं की ते लग्न नव्हतं? कुणी तो कागद पाहिला तर? मंडळात काय तोंड दाखवायचं? त्यांनी एक वाक्य सुचवलं: कायद्यानं नसलं तरी धर्मानं लग्न झालं आहे. अनया म्हणाली, "ते घातलं की त्यांची कमिटी बसणार, बाबा. ती पुढच्या स्प्रिंगमध्ये बसते."

मग गुरुदत्तांची पाठ धरली. सोमवारपासून गुरुवारपर्यंत ती धरलेलीच होती. रेखा त्यांना शेक देत नव्हती आणि बोलतही नव्हती; वरण मात्र फार आंबट होत होतं. शुक्रवारी सकाळी अनयाचा फोन आला. "मी दिवसभर कोर्टात आहे. ड्राफ्ट प्रिंट केलाय, माझी सही झालीय. येऊन घेऊन जा, नाहीतर राहू दे. मी फर्मला फोन करते." आवाजात राग नव्हता. राहू दे हे तिनं इतकं थकून म्हटलं की गुरुदत्तांची पाठ त्या क्षणी बरी झाली.

मुलीला काम करताना त्यांनी आठ वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. कोर्टाच्या दारात पट्टा काढून तपासणी झाली, मग ते मागच्या बाकावर टेकले. समोर एक पन्नाशीची बाई उभी होती, ऑफिसं झाडणारी. जिथं झाडायला जायची तिथलं घड्याळ गेलं म्हणून पकडलेली. अनया तिच्या शेजारी उभी होती. त्या बाईनं अनयाच्या कोटाची बाही मुठीत गच्च धरून ठेवली होती, आणि अनया ती न सोडवता, दुसऱ्या हातानं कागद उलटत जजशी बोलत होती. मोठा आवाज नाही, हातवारे नाहीत. ही बाई अकरा वर्षं तिथं काम करते, घड्याळ हरवल्याच्या दिवशी ती सुट्टीवर होती, आणि हे पोलिसांनी विचारलंच नाही. जजनं चष्मा काढला. "मिस खांबेटे, तुमचं म्हणणं बरोबर आहे," तो म्हणाला, आणि खांबेटे त्यानं इतकं स्वच्छ उच्चारलं की हे नाव त्याच्यासमोर रोज येत असणार हे कुणालाही कळलं असतं. बाई घरी जायला मोकळी झाली. तिनं बाही सोडली तेव्हा कापडावर चुण्या पडल्या होत्या.

गुरुदत्तांना फार वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, लाज वाटली. हे काम ते आठ वर्षं मंडळात लपवत होते आणि मासिकात मात्र जावयाची बढती छापत होते.

अनया बाहेर आली, कागद हातात देऊन म्हणाली, "पाचच्या आत स्कॅन करून पाठवा. थँक्स, बाबा." आणि पुढच्या माणसाकडे गेलीसुद्धा.

बँकेतली नोटरीवाली बाई शुक्रवारी रजेवर होती. एका कुरियरच्या दुकानातला नोटरी मुलगा जेवायला गेला होता आणि तो केव्हा येईल हे त्याच्या मालकालाही माहीत नव्हतं. गुरुदत्तांच्या मनात एखाद्या लांबच्या गावाला जायचं होतं, जिथं मराठी माणूस औषधालाही सापडणार नाही. पण चार वाजून गेले होते. कोर्टाच्या वेळी गाडीतच थांबलेली रेखा शेजारी बसली होती. आठवड्यात पहिल्यांदा ती बोलली. "शैला नोटरी आहे."

"तिथं? त्यापेक्षा मंडळाच्या गणपतीत माइकवरून सांगतो!"

"तेही सांगा. पण आधी हे."

ओक ट्री रोडवर मिठाईच्या दुकानाच्या वर शैलाताईंचं ऑफिस. भिंतीशी खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर भारताच्या व्हिसाचे कागद घेऊन एक जोडपं, आणि कोपऱ्यात मंडळाचे खजिनदार कृष्णा उकिडवे. गुरुदत्तांनी हातातला कागद उलटा धरला. उकिडव्यांचा मुलगा यश दक्षिण जर्सीत भाडेकरूंना बेघर होण्यापासून वाचवणारा वकील होता, आणि गेल्या ऑक्टोबरात त्याच्या लग्नात गुरुदत्तांनी दोनदा जिलबी मागून घेतली होती. आज उकिडवे त्यांच्याकडे बघून नुसतेच मान हलवून राहिले. एरवी ते हिशेबाशिवाय कुणाला सोडत नसत.

"या काका, काकू! लग्नाचा शीण गेला का?" शैलाताई म्हणाल्या. गुरुदत्तांनी कागद पुढे सरकवला. शैलाताईंनी तो वाचायची काही गरज नव्हती, नोटरीनं फक्त सही बघायची असते. पण त्यांनी वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही, आणि याचंच गुरुदत्तांना नवल वाटलं.

"शैला," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "इथं खाली पेननं 'धर्मानं झालंय' एवढं लिहिलं तर चालेल का गं?"

"नाही चालत, काका. सगळे हेच विचारतात."

"सगळे म्हणजे?"

"नोटरी नावं सांगत नाही." शैलाताईंनी शिक्का शाईवर टेकवला. कोपऱ्यात उकिडवे भिंतीवरच्या किराणा दुकानाच्या कॅलेंडरमधल्या संकष्ट्या बघू लागले. "हात वर करा. यातलं सगळं खरं आहे अशी शपथ घेता? हळू म्हटलंत तरी चालेल."

गुरुदत्तांनी हळू म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण डोळ्यांसमोर ती चुण्या पडलेली बाही आली आणि आवाज आपोआप चढला.

"घेतो! लग्न झालेलं नाही. माझी मुलगी अनया अविवाहित आहे, नीलबरोबर एका घरात राहते, आणि अजून दोन वर्षं तशीच राहणार आहे. आणि ती चोरांना आत टाकत नाही. ज्यांना कुणी नाही त्यांना बाहेर काढते. मासिकात मी खोटं छापलं."

व्हिसावालं जोडपं वळून बघायला लागलं. "पण मग आम्ही त्या दिवशी जेवलो ते काय होतं?" त्यातली बाई न राहवून म्हणाली.

"पार्टी," गुरुदत्त म्हणाले. "मसालेभात बरा होता ना?"

गुरुदत्तांनी सही केली; शैलाताईंनी शिक्का मारला, आपली सही केली, त्यांच्याच मशीनवर स्कॅन करून कागद कॉलेजला पाठवून दिला. पाच वाजायला अजून थोडा वेळ होता. रेखानं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, ती दुखत नव्हती हे तिला चांगलंच ठाऊक असूनही.

तेवढ्यात कृष्णा उकिडवे खुर्चीवरून उठून पुढे आले. हातात एक मोठं पाकीट, छापील बाजू छातीशी दाबून धरलेली, तरी एका कोपऱ्यातून यशच्या लॉ कॉलेजचं चिन्ह डोकावत होतं. "झालं असेल तर मी बसू का?" ते घसा खाकरून म्हणाले. "मला जरा घाई आहे. पाचच्या आत..."

गुरुदत्तांनी पाकिटाकडे पाहिलं, उकिडव्यांकडे पाहिलं, आणि अदबीनं खुर्ची पुढे ओढून दिली.

"या, बसा ना," ते म्हणाले. "फक्त शपथ मोठ्यानं घ्यावी लागते."